मुलीचा संघ दुसरा आला, तरी वरच्या डिव्हिजनमध्ये का गेला नाही?

प्रश्न थोडक्यात असा. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियातल्या एका आईची मुलगी २०१४ साली जन्मलेल्या मुलींच्या फुटबॉल संघात, म्हणजे अंडर-१२ मध्ये खेळते. फॉल, म्हणजे शरद ऋतूतल्या सीझनमध्ये त्यांचा संघ सिल्व्हर डिव्हिजनच्या आठ संघांच्या गटात दुसरा आला: सात सामने, पाच विजय, एक बरोबरी, एक हार, १६ गुण. तरीही स्प्रिंगसाठी, म्हणजे वसंतातल्या सीझनसाठी, लीगने त्यांना सिल्व्हरमध्येच ठेवलं, आणि सिल्व्हरच्याच दुसऱ्या गटात १३ गुणांवर तिसऱ्या आलेल्या संघाला वरच्या गोल्डमध्ये घेतलं. मुली रडल्या. हे कोण ठरवतं, कशावरून ठरवतं आणि यावर दाद मागता येते का, असं त्यांनी विचारलं आहे. दोन्ही गटांचे सगळे निकालही पाठवले आहेत, त्यामुळे नीट उत्तर देता येईल.

ताई, सगळ्यात आधी क्लबच्या डायरेक्टरना एक गोष्ट विचारा: स्प्रिंगच्या अर्जात आपल्या संघासाठी कोणती डिव्हिजन मागितली होती? पालकांना हा अर्ज सहसा माहीतच नसतो. प्रत्येक सीझनच्या आधी क्लब प्रत्येक संघासाठी लीगला कळवतो की आम्हाला अमुक पातळीवर खेळायचं आहे. मी नऊ वर्षं एका लीगच्या, संघांना डिव्हिजन ठरवून देणाऱ्या वाटणी समितीवर स्वयंसेवक म्हणून काम केलं, त्याआधीपासून कोचिंग करतो आहे. तुमच्यासारख्या तक्रारी दर सीझनला यायच्या, आणि त्यांतल्या बऱ्याच वेळा अर्ज उघडला की कोचनेच ‘सिल्व्हर’ लिहिलेलं असायचं. त्यात कोचचं चुकलंच असं नाही. दोन मुली स्प्रिंगमध्ये सॉफ्टबॉलला जाणार, गोलकीपरच्या घरचे दुसऱ्या गावी राहायला जाणार, हे त्याला ठाऊक असतं आणि तुम्हाला नसतं. पण त्याने ते पालकांना सांगायला हवं होतं. तिथे मात्र तुमचा राग रास्त आहे.

समजा अर्जात गोल्डच मागितलं होतं. मग पुढचं वाचा.

आपल्या मनात प्रमोशन-रेलिगेशन, म्हणजे संघाचं वर चढणं आणि खाली उतरणं, म्हटलं की इंग्लंडची प्रीमियर लीग येते. वीस संघ, शेवटचे तीन खाली, खालून तीन वर, वाद संपला. मी मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीच्या संघाची मॅच असली की पेठेत दुसरा विषय नसायचा. तिथे खेळाडू येतात-जातात, पण पाटाकडील ती पाटाकडीलच राहते आणि दिलबहार ती दिलबहारच. तालमीने मिळवलेली जागा तालमीची असते. मुंबईच्या शालेय फुटबॉलमध्येही डिव्हिजन असतात, तिथे जागा शाळेची. मोठ्या मुलांनी मिळवून ठेवलेल्या जागेवर पुढच्या वर्षी धाकटी मुलं खेळतात.

अमेरिकेतल्या मुलांच्या संघाला असं मूळ नसतं. दरवर्षी ट्रायआउट, म्हणजे निवड चाचण्या, होतात आणि सोळा जणांतले चार-पाच जण बदलतात. कधी कोचच बदलतो आणि त्याच्यामागे अर्धा संघ दुसऱ्या क्लबात जातो. ‘अमुक क्लब २०१४ ब्लू’ हे नाव तेच राहतं, आत कोण आहे ते मात्र प्रत्येक वेळी नव्याने बघावं लागतं. मग वर चढवायचं कुणाला, नावाला की मुलींना? म्हणून लहान वयोगटांत बऱ्याच लीग गुणतालिकेला पुरावा मानतात, निकाल मानत नाहीत. समितीचं काम गेल्या मोसमाचं बक्षीस देण्याचं नसतं. पुढच्या मोसमात कोणत्या आठ संघांना एकत्र ठेवलं तर सामने अटीतटीचे होतील, हा अंदाज बांधणं हे तिचं काम असतं. तुमच्याबाबत झालेल्या निर्णयाचं जे काही स्पष्टीकरण आहे, ते सगळं यातच आहे.

ती बैठक कशी चालते ते सांगतो, कारण बाहेरून ती फार गूढ वाटते. समोर एक मोठा तक्ता असतो. एका ओळीत एक संघ: गेल्या सीझनची डिव्हिजन, स्थान, प्रत्येक सामन्याचा स्कोअर, कप स्पर्धेतले निकाल, क्लबने मागितलेली पातळी, रोस्टरवर, म्हणजे संघाच्या यादीत, जुने खेळाडू किती, आणि कोचचा शेरा. पहिलाच प्रश्न फुटबॉलचा नसून गणिताचा असतो. समजा फॉलमध्ये या वयोगटात ४४ संघ होते आणि स्प्रिंगमध्ये ३८ अर्ज आले. आठ-आठचे गट केले तर चार गट होऊन सहा संघ उरतात. दहा, दहा, नऊ, नऊ असे केले तर नऊच्या गटात दर आठवड्याला एक संघ रिकामा बसतो, आणि दहाच्या गटाला पावसाने रद्द झालेले सामने भरून काढायला शनिवार-रविवार पुरत नाहीत. त्यात काही क्लब दोन तासांच्या अंतरावरचे. बारा वर्षांखालच्या मुलींना दर आठवड्याला तेवढा प्रवास करायला लावायचा का, यावर अर्धा तास जातो. म्हणजे सिल्व्हर आणि गोल्डमधली रेघ आधी संघांच्या संख्येने सरकते, कर्तृत्वाचा विचार त्यानंतर. एखाद्या वर्षी गोल्डमध्ये फॉलपेक्षा एकही जागा जास्त नसते. एखाद्या वर्षी वरचा एक संघ फुटतो आणि खालून तिसरा-चौथाही वर जातो.

रेघ ठरली की तिच्या आसपासच्या चार-पाच संघांवरच खरी चर्चा होते. पहिल्या आलेल्यांबद्दल कुणी फारसं बोलत नाही, तळाच्यांबद्दलही नाही. तुमचा संघ त्या मधल्या पट्ट्यात होता.

आता तुम्ही पाठवलेले निकाल समितीच्या नजरेने वाचू. तुमच्या मुलींनी १९ गोल केले, ११ खाल्ले. त्यातले १६ गोल तळाच्या चार संघांविरुद्ध आहेत. चौथ्या संघाला १-० ने हरवलं, तिसऱ्याशी १-१ बरोबरी झाली, आणि पहिल्या आलेल्या संघाकडून १-६ अशी हार. दुसऱ्या गटातला तो १३ गुणांचा संघ बघा: चार विजय, एक बरोबरी, दोन पराभव. पण ते दोन पराभव त्यांच्या गटातल्या पहिल्याकडून १-२ आणि दुसऱ्याकडून ०-१ असे आहेत. तीन गुणांचा फरक तक्त्यात मोठा दिसतो. पण समितीतला जुना माणूस विचारतो की गोल्डमध्ये दर शनिवारी समोर पहिल्या क्रमांकासारखा संघ आला, तर या दोन संघांपैकी कुणाचा सामना शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत जिवंत राहील? मीही त्या बैठकीत असतो तर बहुधा १३ गुणवाल्या संघाच्या बाजूनेच हात वर केला असता. तुम्हाला हे ऐकायला कठोर वाटेल, पण १-६ हा एकच सामना तुमच्या १६ गुणांपेक्षा जास्त बोलला.

याला एक रास्त आक्षेप आहे: तुमच्या गटातला पहिला संघ दुसऱ्या गटातल्या पहिल्यापेक्षा फार बलवान असेल तर? असू शकतो. तो ताडून बघायला समिती दोन्ही गटांतले संघ जिथे एकमेकांशी खेळले ते सामने शोधते. स्टेट कप म्हणजे राज्य पातळीवरची स्पर्धा, सीझनआधीची एखादी टूर्नामेंट, असं काहीही. म्हणून ‘टूर्नामेंटचे निकाल कशाला टाकायचे’ म्हणणारे कोच स्वतःच्याच संघाचं नुकसान करतात. रँकिंगची अॅप्सही असतात, पालक त्यांचे स्क्रीनशॉट पाठवतात. अंडर-१२ साठी मी त्यांना फार वजन देत नाही. आकडे निघण्याइतके सामनेच झालेले नसतात, आणि खेळाडू बदलले की जुने आकडे दुसऱ्याच कुणाचे होतात.

तुमच्या संघाचं वजन वाढवणारी एक गोष्टही आहे. तळाच्या चार संघांविरुद्ध सामन्यामागे सरासरी चार गोल, पण एकाही सामन्यात सहा-सात नाहीत. बऱ्याच लीग गोलफरक मोजताना सामन्यामागे तीन किंवा चारचीच मर्यादा धरतात, म्हणजे ९-० ने जिंकलात तरी खात्यात चारच जमा. लहान मुलांना चिरडून तक्ता सजवण्याची हौस फिटू नये म्हणून तो नियम आहे. तुमच्या कोचने मर्यादेपाशी थांबून राखीव मुलींना खेळवलं असं दिसतं. माणूस चांगला आहे, त्याला धरून राहा.

आता, काही लीगमध्ये, विशेषतः अंडर-१३ पासून वर, पहिले दोन वर आणि शेवटचे दोन खाली असा लिखित नियम असतो. पालकांना तो आवडतो कारण तो डोळ्यांना दिसतो. मलाही मोठ्या मुलांसाठी तो आवडतो. पंधरा वर्षांच्या मुलाला शेवटच्या सामन्याला अर्थ हवा असतो, आणि तो नियमाने मिळतो. पण या नियमालाही भोकं आहेत आणि ती बुजवायला उपनियम लागतात. संघाची जागा टिकवायची तर रोस्टरवर ठरावीक प्रमाणात जुनेच खेळाडू असले पाहिजेत, नाहीतर गोल्डची जागा नावावर राहते आणि मैदानात नवखी मुलं उतरतात. निर्णायक सामन्यासाठी क्लबच्या वरच्या संघातली दोन दणकट मुलं क्लब पासवर, म्हणजे त्याच क्लबच्या दुसऱ्या संघात खेळण्याच्या मुभेवर, आणली जातात, म्हणून मॅच कार्ड तपासावी लागतात. आणि सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे मुद्दाम खाली राहणं. संघ गोल्डच्या तोडीचा असतो, पण ट्रॉफीचा फोटो क्लबच्या जाहिरातीत हवा म्हणून सिल्व्हरमध्ये ठेवायचा. त्यात दोन्हीकडच्या मुलांचं नुकसान होतं. आम्ही नियम केला होता की सगळे सामने जिंकलेल्या संघाला विचारायचंच नाही, वर पाठवायचं. त्या नियमावर मला सर्वांत जास्त रागाची पत्रं आली, आणि मी तो आजही तसाच ठेवेन.

गुण सारखे झाले तर काय, हे नियमपुस्तिकेत असतं: बहुतेक ठिकाणी आधी आपसातला सामना, मग मर्यादित गोलफरक, मग कमी खाल्लेले गोल. ते वाचून घ्या, त्यावर वेळ घालवत नाही.

गुणतालिका एकटी धरून चाललं की काय होतं, ते मी स्वतः केलं आहे. पंधरा वर्षांमागे नाही, फार फार दहा. तेरा वर्षांखालच्या मुलांचा एक संघ सिल्व्हरमध्ये एकही सामना न हरता पहिला आला. प्रीमियरमध्ये, म्हणजे गोल्डच्याही वर, अचानक एक जागा रिकामी झाली. कोच उत्साही, पालक उत्साही, आणि मी बैठकीत म्हणालो की अजिंक्य संघ आहे, जाऊ द्या दोन पायऱ्या. मी एवढंही विचारलं नाही की ते सामने कोण जिंकून देत होतं. लवकर वाढ झालेली दोन मुलं होती, बाकीच्यांपेक्षा हातभर उंच. ट्रायआउटनंतर दोघंही मोठ्या क्लबात गेली. उरलेला संघ प्रीमियरमध्ये दहापैकी दहा सामने हरला, बहुतेक चार-पाच गोलांनी. सहाव्या सामन्यानंतर गोलकीपर सरावाला यायचा थांबला. वर्षअखेर सोळांपैकी सात जणांनी संघ सोडला, त्यातल्या तिघांनी खेळच सोडला. त्यातला एक मुलगा आमच्या गल्लीत राहायचा. नंतर तो मला कधी चेंडू घेऊन दिसला नाही. तेव्हापासून मी दोन पायऱ्यांची उडी कधीही मान्य केली नाही, आणि ‘गेल्या वेळचे किती खेळाडू परत येत आहेत’ हा रकाना तक्त्यात पहिला आणला.

वय आणि वाढ या गोष्टी इथे फार खेळ करतात. कॅनडातल्या आइस हॉकीत १९८५ च्या सुमाराला मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्नस्ली यांनी दाखवून दिलं की निवडलेल्या खेळाडूंत वयोगट ठरवणाऱ्या कटऑफ तारखेनंतर लगेच जन्मलेल्यांचा भरणा जास्त असतो, कारण लहानपणी आठ-दहा महिन्यांचं मोठेपण म्हणजे उंची आणि ताकद. फुटबॉलमध्येही हेच दिसतं. बारा वर्षांखालच्या संघाचं यश पुष्कळदा कौशल्याइतकंच जानेवारी-फेब्रुवारीच्या वाढदिवसांचंही असतं. पुढे सगळी मुलं वाढली की हा तोल पुष्कळदा बदलतो.

तुमच्या संघासाठी तर हा मुद्दा अगदी दारात आला आहे. २०१६ च्या सुमारापासून इथे संघ कॅलेंडर वर्षाने लागत होते, जानेवारी ते डिसेंबर. २०२६–२७ च्या मोसमापासून ते पुन्हा १ ऑगस्ट ते ३१ जुलै असे लागणार आहेत, म्हणजे शाळेच्या वर्गाशी जुळणारे. त्यामुळे २०१४ चा तुमचा संघ दुभंगेल: जानेवारी ते जुलैमध्ये जन्मलेल्या मुली अंडर-१३ मध्ये जातील, आणि ऑगस्ट ते डिसेंबरच्या मुली आणखी एक वर्ष अंडर-१२ मध्येच राहतील. देशभर हजारो संघांचं असंच होणार आहे. म्हणजे येत्या फॉलमध्ये जवळजवळ कुणाचाच गेल्या वर्षीचा इतिहास जसाच्या तसा लागू होणार नाही. अनुभवी लीग अशा वर्षी ऑगस्टमध्ये तीन-चार चाचणी सामने घेऊन मगच डिव्हिजन पाडतात. तुमची लीग तसं करणार आहे का, ते आताच विचारून ठेवा.

अंडर-१३ कडे जाणाऱ्या मुलींसाठी खेळही बदलतो. संघात नऊजणींच्या अकराजणी होतात, चेंडू चार नंबरचा पाच नंबर होतो, मैदान ७०–८० यार्डांवरून १०० यार्डांच्या वर जातं, गोलपोस्ट २१ फुटांचा २४ फुटांचा होतो. छोट्या मैदानावर एका वेगवान मुलीच्या जिवावर जिंकलेले सामने तिथे उपयोगी पडत नाहीत. म्हणून अंडर-१२ ची गुणतालिका अंडर-१३ ला जशीच्या तशी लावणं मला नेहमी धोक्याचं वाटलं आहे.

लहान मुलांना वर-खाली करण्याची माझ्या मते सर्वांत शहाणी पद्धत जर्मनीची आहे. तिथे २०२४–२५ पासून सर्वांत लहान गटांत ठरलेल्या गटांची लीग नसते. दोन-दोन किंवा तीन-तीन मुलांचे संघ छोट्या मैदानांवर शेजारी शेजारी खेळतात. काही मिनिटांचा सामना झाला की जिंकलेला संघ एक मैदान वर सरकतो, हरलेला एक मैदान खाली. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपर्यंत तोडीस तोड संघ समोरासमोर आलेले असतात. प्रमोशनही त्याच सकाळी, रेलिगेशनही त्याच सकाळी, आणि घरी जाताना कुणी रडत नाही. उलट त्याच मोसमापासून सतरा आणि एकोणीस वर्षांखालच्या त्यांच्या सर्वोच्च लीगमधून मोठ्या अकादम्यांसाठी रेलिगेशनच काढून टाकलं, कारण खाली जाण्याच्या भीतीने कोच मुलांना घडवायचं सोडून निकाल राखत होते.

आपल्याकडे अमेरिकेत सर्वांत वरच्या स्तरावर वेगळंच आहे. ईसीएनएल किंवा मुलग्यांची एमएलएस नेक्स्ट अशा देशपातळीवरच्या लीगमध्ये गुण मिळवून चढता येत नाही. तिथे क्लबला प्रवेश दिला जातो. हे सांगतो कारण पुष्कळ पालकांना वाटतं की सिल्व्हर, गोल्ड, प्रीमियर ही शिडी थेट तिथवर जाते, आणि म्हणून एक पायरी चुकली की मुलीचं भविष्य चुकलं. ती शिडी तिथे जात नाही. तिथे मुलगी एकटी जाते, कुणी तिला खेळताना बघून बोलावलं तर.

दाद मागायची का? मागता येते. वाटणी जाहीर झाल्यावर वेळापत्रक छापण्याआधी बहुतेक लीग काही दिवस फेरविचाराची मुभा देतात, पण विनंती क्लबकडूनच यावी लागते. पालकांचा ईमेल थेट आला तर आम्ही तो नम्रपणे क्लबकडे परत पाठवायचो. क्लबला करायला सांगायचंच असेल तर ‘आम्ही दुसरे आलो’ हे सांगू नका, ते समितीला माहीत आहे. जे तक्त्यात नाही ते सांगा: १-६ च्या दिवशी गोलकीपर आजारी होती का, गोल्डमधल्या एखाद्या संघाशी मैत्रीपूर्ण सामना २-२ झाला होता का, सगळ्या मुली परत येत आहेत का. आमच्या निर्णयांपैकी जे थोडे बदलले, ते अशाच ओळींनी बदलले.

पण तुम्ही मला विचारलंत म्हणून माझं मत सांगतो: स्प्रिंगसाठी दाद मागू नका. तुमच्या निकालांत सिल्व्हरमधलेच तीन संघ तुमच्या तोडीचे दिसतात, आणि उन्हाळ्यात संघ फुटणारच आहे. त्यापेक्षा कोचला म्हणा की गोल्डमधल्या दोन-तीन संघांशी अधल्यामधल्या दिवशी मैत्रीपूर्ण सामने लावा, आणि ज्या मुलींना जास्त आव्हान हवं आहे त्यांना आठवड्यातून एक दिवस वरच्या संघाबरोबर सराव करू द्या. क्लब याला सहसा नाही म्हणत नाहीत, फक्त कुणीतरी विचारावं लागतं. मुलीला तो १-६ चा सामना आणि दुसऱ्या संघाचे १-२, ०-१ हे स्कोअर शेजारी ठेवून दाखवा. बारा वर्षांच्या मुलींना हे पटकन कळतं, पुष्कळदा आपल्या आधी.

आणि तिच्या जन्माचा महिना मला कळवा. ऑगस्ट किंवा त्यानंतरचा असेल तर तिला याच वयोगटात आणखी एक वर्ष मिळणार आहे, नऊजणींच्याच मैदानावर, आणि या वेळी ती मोठ्यांपैकी असेल. जुलै किंवा त्याआधीचा असेल तर स्प्रिंगमध्येच पाच नंबरचा चेंडू घरी आणून ठेवा.